पाठीवरची करंडी

आमच्या घरात मला एका जागी बसायला शिकवता शिकवता सगळे थकले, मी काही शिकले नाही. आमचं घर पानमळ्यावाल्यांचं. अंजनगावच्या शिवारात, शहानूर नदीच्या काठाने आमचा विड्याच्या पानांचा मळा होता. बाप्यांनी सकाळी पानं खुडायची आणि बायांनी दुपारभर बसून ती निवडायची, अशी वाटणी. निवडायची खोली घराच्या आतल्या अंगाला, बिनखिडकीची, कारण पानाला वारा लागू द्यायचा नसतो. खाली सारवलेली जमीन, तिच्यावर दिवसातून चारदा पाणी शिंपडलेलं. त्या ओल्या अंधारात माय आणि मी मांडी घालून बसायचो. मोठं पान इकडे, बारकं तिकडे, डाग पडलेलं पायाशी. ओल्या पानावर ओलं पान ठेवलं की चप असा बारीक आवाज येतो. दुपारभर तेवढाच आवाज. मध्ये एकदा कापसाच्या जिनिंगचा भोंगा व्हायचा, मग कळायचं की बाहेर दिवस अजून चालू आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती या खोलीत येऊन बसण्यासाठी. माझे पाय मांडीत टिकायचे नाहीत. पाणी आणते, गाय ओरडली वाटते, दार वाजलं, काहीही सांगून मी उठायचे. माय वर न पाहता म्हणायची, "बस वो कौशे. ढुंगणाले मुंग्या चावून राह्यल्या का?"

पानाचं काम बाहेरून सोपं दिसतं. खुडलेलं पान जिवंत असतं, करंडीत दाबून ठेवलं की आतून तापतं. मधलं एक पान सडलं की दोन दिवसांत शेजारची दहा घेऊन जातं. म्हणून पानं फेरावी लागतात. फेरायची म्हणजे सगळी करंडी रिकामी करायची, एकेक पान हातात घेऊन पाहायचं, डागी असेल ते काढून टाकायचं, मधली पानं कडेला आणि कडेची मधे लावायची, पाण्याचा हात फिरवायचा आणि वर ओलं गोणपाट झाकायचं. उन्हाळ्यात हे रोज, एकही दिवस न चुकता. दुसरा नियम बायांचा होता. बाई बाहेर बसली, म्हणजे तिची पाळी आली, की चार दिवस तिने मळ्यात पाय टाकायचा नाही आणि पानाला हात लावायचा नाही. लावला तर वेल वाळते, पान काळं पडतं. हे कोणी समजावून सांगत नसे. मळ्यात चप्पल काढून जायचं असतं, तसंच हे. ते चार दिवस माय गोठ्याजवळच्या सपरीत, म्हणजे छपरीत, बसायची. तिची घोंगडी वेगळी, पाण्याचा गडवा वेगळा. ताट मी दुरून सरकवायचे. माझी पाळी आली की मीही त्याच सपरीत, आणि मला ती निवडायच्या खोलीपेक्षा वाईट वाटायची. खोलीत निदान हात तरी हलायचे. मायचं तसं नव्हतं. ती भिंतीला टेकून पाय लांब करायची आणि चार दिवस काहीच करायची नाही. मला वाटायचं, हिला शिक्षा अंगवळणी पडली आहे.

आमच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, चढलं की उत्तरेला डोंगर दिसायचा, सकाळी निळा, दुपारी धुळीच्या रंगाचा. त्या डोंगराच्या माथ्यावर गवळ्यांची वस्ती होती. तिकडे वस्तीला ढाणा म्हणतात. गवळ्यांना पानाचं भारी वेड. माझा मोठा भाऊ महादेव उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी पानाची करंडी घेऊन त्या ढाण्यावर जायचा आणि येताना खवा आणायचा, पळसाच्या पानात बांधलेला, धुराचा वास असलेला. खव्यापेक्षा मला त्याचे पाय पाहायला आवडायचं. गुडघ्यापर्यंत लाल धूळ. आमच्याकडे माती काळी. ती लाल धूळ दुसऱ्या मुलखाची होती, आणि तो पठ्ठ्या ती अंगणात भसाभस धुऊन टाकायचा.

मग महादेवला रेल्वेत नोकरी लागली आणि तो बडनेऱ्याला राहायला गेला. बाबांचा गुडघा सुजलेला, त्यांना घरातला उंबरा ओलांडायला काठी लागायची. त्याच उन्हाळ्यात ढाण्यावरून निरोप आला. तिथली म्हातारी पारूबाई गवळण, सगळा ढाणा तिच्या शब्दात, तिच्या नातीचं लग्न होतं. लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत करंडीभर पानं पाहिजेत. बाबा जेवताना म्हणाले, "आता चुलत्याले देऊन टाकू ही फेरी. आपल्याच्यानं होत नाई."

"मी जातो," मी म्हटलं. आमच्या वऱ्हाडात बायाही 'मी जातो'च म्हणतात. माझी नात हसते त्याला, हसू दे.

बाबांचा घास हातात राहिला. "कुठी जातं?"

"डोंगरावर."

"तू? चौकात जाची असली त माय संगं लागते तुले."

"माय संगं तुमी धाडता. मले लागत नाई."

माय चुलीपाशी होती. तिने फुंकणी खाली ठेवली. ती मला मारणार असं वाटलं, पण ती बाबांकडे पाहत होती. बाबा बराच वेळ भाकर कुस्करत बसले. पुढे मला कळलं की चुलत्याचं आणि त्यांचं बांधावरून बिनसलं होतं आणि फेरी त्याच्या घशात घालणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. तेव्हा मला वाटलं की माझ्या बोलण्यात काहीतरी दम होता.

"आयक," ते म्हणाले, "लग्नाची पानं हायेत. साबूत पोचली अन् रिकामी करंडी घेऊन वापस आली, त फेरी तुही. पानं सडली, नाईत भरली करंडी घेऊन घरी आली, त मंग त्या खोलीतून उठाचं नाव काढाचं नाई. लगन होऊन जाईपर्यंत नाई. मंजूर?"

"मंजूर."

निघायच्या आदल्या संध्याकाळी मायने करंडी स्वतः भरली. भरता भरता हळूच विचारलं, "तुहे दिस कधी हायेत वो?"

"हप्ता हाये अजून," मी म्हटलं. खोटं बोलले नाही. तसंच होतं.

अकोल्यात आता मी मुलाकडे राहते. माझी नात गेल्या महिन्यात चिखलदऱ्याच्या पलीकडे दोन दिवस एकटी डोंगर हिंडून आली. तिच्या पाठीवरच्या पिशवीला छातीवर पट्टा, कमरेला पट्टा, पाणी प्यायला नळी. निघताना मला म्हणाली, "आजी, सोलो ट्रेक काय असतो माहीत आहे का तुला?" मी म्हटलं, "माहीत हाये. संगं याले कोणी तयार नसलं की त्याले म्हणतात." ती हसली आणि पिशवी पाठीवर टाकून गेली. तिची पिशवी पाहूनच हे सगळं लिहायला बसले.

माझ्याजवळ करंडी होती, एक जादा लुगडं, फडक्यात चार भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदे. पहाटेच्या मोटारीने डोंगराच्या पायथ्याच्या गावी उतरले आणि चढायला लागले. करंडी डोक्यावर. आम्ही सपाटीचे लोक, आमच्यात ओझं म्हणजे डोक्यावर, दुसरी जागाच माहीत नाही. शेताच्या धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून, मी दोन हात मोकळे सोडून कोसभर जायचे. डोंगरात पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की इथे डोक्याच्या वरची जागा आपली नाही, झाडांची आहे. बांबूच्या फांद्या करंडीला अडकायच्या. वाकले की करंडी घसरायची, ताठ झाले की अडकायची. एकदा ती पडता पडता वाचली. तेव्हा मी थांबले, जादा लुगडं काढलं आणि बाया पाठीला पोर बांधतात तशी करंडी पाठीला बांधली. गाठ छातीवर. ओल्या गोणपाटाचं पाणी कमरेवरून खाली निथळत होतं आणि त्या उन्हात ते बरं वाटत होतं. त्यानंतर मी अशी चालले की काय सांगू. कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही, 'बस' म्हणणारं कोणी नाही. दम लागला तरी थांबावंसं वाटेना. थांबलं की कोणीतरी परत बोलावेल अशी एक धास्ती पायात होती.

महादेव सुट्टीवर आला तेव्हा त्याने वाट सांगितली होती, "माथ्यावर एक मोठी सालई लागते. तठून डाव्या हाताले वळजो, ढाणा लागते." मी माथ्यावर पोचले तर तिथे सालईशिवाय दुसरं झाडच नव्हतं. सगळ्या पांढऱ्या खोडाच्या, सगळ्या बिनपानाच्या आणि सगळ्या मोठ्या. भावाच्या नावाने दोन शिव्या घातल्या. पायवाटेला तीन-चार फाटे फुटले होते. मला जी सालई मोठी वाटली तिच्यापासून वळले, तासभर चालले, वाट गवतात संपली. परत फिरले, ती सालई सापडली नाही. दुसऱ्या वाटेने गेले, तीही एका खडकाशी संपली. दुपार झाली. ढाणा नाही, गुरांची घंटा नाही, धूर नाही.

तेव्हा मी ठरवलं की खाली उतरायचं. पायथ्याच्या गावात रात्र काढू, सकाळी कोणाला तरी विचारून पुन्हा चढू. भरली करंडी घेऊन घरी जायचं नव्हतं, पण माथ्यावर फिरत राहिले तर पानं उन्हात उकडली असती. उतरायची वाट मला पक्की माहीत होती, किंवा तसं वाटत होतं. पाणी धरायचं. जन्मापासून मी एकच पाहिलं होतं, पाणी डोंगरातून निघतं आणि आमच्या गावाकडे येतं. शहानूर तशीच येते, आजूबाजूचे सगळे नाले तसेच येतात. डोंगरातलं पाणी आमच्याकडे न येता दुसरीकडे कुठे जाईल, हा विचार आमच्या गावात कोणी केला असेल असं मला वाटत नाही. एक कोरडा नाला दिसला. दगडांना पुराचा पालापाचोळा अडकलेला होता, त्यावरून पाणी कोणीकडे वाहतं ते कळलं. त्याच बाजूने मी उतरायला लागले, अगदी बिनघोर.

नाल्यात एके ठिकाणी डोह होता, हिरवट पाण्याचा, कडेला रानडुकरांच्या खुरांचे ठसे. गोणपाट ओलं करायला थांबले. करंडी सोडली, खाली बसले, आणि लुगड्यावर डाग दिसला. हप्ताभर आधी. चढाने म्हणा, उन्हाने म्हणा. मी घाबरले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. अस्वल दिसलं असतं तरी एवढी घाबरले नसते. करंडी ज्या लुगड्याने बांधली होती त्याचाच काठ फाडून घडी घेतली. मग करंडीपासून चार हात लांब सरकून बसले, जणू ती मला ओरडणार होती. पानं आदल्या संध्याकाळपासून बंद. संध्याकाळी ती फेरायलाच पाहिजेत. आणि हात लावायचा नाही. मी एका काडीने गोणपाट उचललं, पळसाच्या पानाचा द्रोण करून वरून पाणी ओतलं आणि काडीनेच ते परत झाकलं. तसं करून काही होत नाही. वरून पाणी ओतल्याने मधलं पान थंड होत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

पुन्हा चालले. आमच्या मळ्यावरून संध्याकाळी घरी यायची वाट दक्षिणेला, म्हणून रोज ऊन माझ्या उजव्या गालावर असायचं. डोंगर उतरून गावाकडे जायचं तर ऊन उजव्याच गालावर पाहिजे. नाला रुंद झाला, झाडं मागे सरली, ऊन अंगावर आलं, ते डाव्या गालावर. मी थांबले. मान वळवून पाहिलं. सूर्य काही चुकत नाही. मी डोंगराच्या पलीकडच्या बाजूला उतरत होते, घराकडे पाठ करून, आणि अर्धा दिवस तसं उतरले होते. खाली बसले, एक भाकर आणि कांदा खाल्ला. दुसरं काही सुचलं नाही.

भाकर संपता संपता वरच्या झाडीतून एक बाई खाली आली. कोरकू बाई, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी, डोक्यावर नाही तर कमरेला लावलेली टोपली, टोपलीत मोहाची फुलं. मला पाहून ती आधी दचकली, मग हसली. नाव फुलई. तिची बोली मला येत नव्हती, माझी तिला अर्धी येत होती, मग आम्ही दोघी हिंदीत बोललो, दोघींचीही मोडकी.

"किधर जाती?"

"नीचे. पायथ्याके गाव."

"ये नाला तो सिपना नदी में जाता. तेरे गाँव नहीं जाता." तिने हाताने दाखवलं, माझं गाव कुठे आणि पाणी कुठे, आणि पोट धरून हसली. "पानी के पीछे आई? सब देसवाले पानी के पीछे आते." देस म्हणजे आमची सपाटी. म्हणजे ही चूक करणारी मी पहिली नव्हते, एवढाच काय तो दिलासा. मग ती गप्प झाली आणि म्हणाली, "चल. मोह गिर रहा, भालू आता शाम को."

तिची झोपडी तिथून जवळ होती. शेणाने सारवलेली, बांबूच्या भिंती, दाराशी मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड आंबट वास सगळीकडे. तिने ज्वारीची आंबील दिली. मी ती उभ्यानेच प्यायले, कारण करंडी डोळ्यांसमोर होती. शेवटी मी तिला म्हटलं, पानं फेरून दे. एकेक काढ, डागी टाक, परत लाव. मी दुरून सांगते.

"तू क्यों नहीं?"

मी सांगितलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग करंडीला. "दिनभर पीठ पर चली. हाथ को नहीं चलती?"

मी नुसतं करंडीकडे बोट दाखवलं. तिने माझ्यावर उपकार म्हणून करंडीत हात घातला. मोहाची फुलं उचलायचा हात तो, मूठभर उचलणारा. पानं मुठीत धरून ती वर काढायला लागली. देठं मोडली, चार पानं फाटली, एक तिने तोंडात टाकलं, थुंकलं आणि म्हणाली, "चूना नहीं?" मी ओरडले, "राहू दे, राहू दे!" ती हसत बाजूला झाली आणि चुलीकडे गेली.

रात्र तशीच काढली. झुंजूमुंजू झालं तेव्हा बाहेर येऊन करंडीपाशी बसले. गोणपाट काढलं आणि विचार करायच्या आत मधोमध हात घातला. भाकरी गुंडाळून ठेवलेलं फडकं आतून असतं, तेवढं गरम. अजून चार तास गेले असते तर सगळी करंडी गेली असती. त्या गरमपणाने माझं भ्यावच गेलं. देव, वेल, मळा, बाबा, कोणी आठवलं नाही. हाताला फक्त पान कळत होतं. एकेक काढलं, पाहिलं, पुसलं. डागी दोन ओंजळी निघाली, ती फेकून दिली. मधली कडेला, कडेची मधे. फुलईने मडकंभर पाणी आणून ठेवलं. लावून झालं तेव्हा सूर्य वर आला होता आणि माझी बोटं हिरवी झाली होती. मी बोटं लुगड्याला पुसली नाहीत, नाल्यातल्या डबक्यात धुतली, चांगली चोळून. आपण काय केलं ते तेव्हा कळलं.

फुलईने मला माथ्यापर्यंत सोडलं आणि एका सालईवर हात ठेवला, "ये." ती बाकीच्यांहून मोठी नव्हती. तिच्या बुंध्याला दगड रचलेले होते. महादेवने दगडांचं सांगितलं नव्हतं. दुपारी मी ढाण्यावर पोचले. अंगणभर म्हशी, मांडवाला आंब्याचे टहाळे, चुलीवर खवा आटत होता. पारूबाई बाजेवर बसलेली होती. दंडात चांदीच्या जाड वाक्या, दात पानाने लाल.

"महादेव कुठी हाये?"

"नोकरीवर. मी बहीण."

"एकटी?"

"हाव."

"अन् येवढा उशीर?"

"वाट चुकली."

ती बाजेवरून पुढे वाकली. करंडी समोर ओढून घेतली आणि गोणपाट काढलं. रात्रभर मी जेवढी भ्याले नव्हते तेवढी त्या क्षणाला भ्याले. काळी पडली असतील तर इथेच, हिच्यासमोर, लग्नाच्या मांडवात दिसतील. तिने वरचं पान घेतलं नाही. बोटं खोल घालून मधलं काढलं, उन्हात धरलं, नाकाला लावलं, चुना लावून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावत राहिली. एवढा वेळ की मला वाटलं म्हातारी झोपली.

"तुह्या भावापक्षा बरी फेरलीस," ती म्हणाली. "तो मधात हात नाई घालत, वरून वरून करते."

मी लग्नाला थांबले. पाहुणी म्हणून नाही. मला पानांवर नजर ठेवायची होती. दुसऱ्या दिवशी मांडवात ताटं फिरली, सगळ्या ढाण्याने पान खाल्लं, नवरीने खाल्लं. पान हिरवंच होतं. मग रिकामी करंडी पाठीला बांधून, दगडांची सालई पाहून मी सरळ दक्षिणेला उतरले, ऊन उजव्या गालावर घेऊन.

घरी बाबांनी करंडी उलटी केली, आत हात फिरवला, वास घेतला. "रोज फेरली?"

"फेरली."

"वाट सापडली?"

"सापडली त गेली न." बाबांना सांगितलेलं एवढं एक खोटं.

"मंग फेरी तुही," असं म्हणून ते काठी टेकत मळ्याकडे गेले. माझे पाय गुडघ्यापर्यंत लाल होते. मी ते धुतले नाहीत.

संध्याकाळी मायने विहिरीवर माझं लुगडं धुवायला काढलं आणि त्याचा काठ माझ्यासमोर धरला. "हे कुठी फाटलं?"

"डोंगरात. काट्यानं."

"काटा असा सरळ फाडते का?" ती जवळ आली. "कधी आली?"

"जातानी."

"अन् पानं कोणं फेरली?"

मी पोहरा विहिरीत सोडला. ती खाली बसली, ओल्या लुगड्यासकट. "लगनाची पानं होती वो कौशे. तुह्या बापाले सांगा लागीन."

"सांग. पण त्यायनं खाल्ली, पारूबाईनं खाल्ली, काई झालं नाई. पानं हिरवीच होती."

"आज हिरवी. उद्या काय झालं ते कोणं पाह्यलं?"

पान ओळखणारी बाई ती. तिला माझा शब्द नको होता, पान पाहिजे होतं. बाबांना तिने लगेच सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात मी सपरीत बसले तेव्हा ती दोन मडकी घेऊन आली. एकाच वेलीची, एकाच सकाळी खुडलेली पानं दोन्हींत सारखी लावलेली. एक माझ्यासमोर ठेवलं. "हे तू रोज फेरजो. हे दुसरं मी फेरतो. पाहू." गोठ्यात कडब्यामागे दोन्ही मडकी शेजारी शेजारी ठेवली. चार दिवस मी माझं मडकं फेरलं, पुढेही फेरत राहिले. माय तिचं. बाबांना वाटायचं आम्ही गाईच्या आंबोणाचं पाहतो. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती. पान काळं पडलं असतं तर फेरी गेली असती, आणि मी पुन्हा त्या खोलीत.

नवव्या दिवशी आम्ही दोघींनी मडकी रिकामी केली. मायने मोजलं नाही, नुसतं पाहिलं. पानवाल्या बाईला नुसत्या नजरेने कळतं. माझ्याकडे तीन डागी. तिच्याकडे चार.

तिने ती चार पानं एकेक करून उजेडात धरून पाहिली. मी म्हटलं, "मंग आता बाबाले सांगू. काई होत नाई म्हणून."

"खबरदार," माय म्हणाली.

"काहून?"

"तुले डोंगर पाह्यजे होता, भेटला. मी आडवी येत नाई. पण ह्या घरात महिन्यातून चार दिस मले कोणी 'ऊठ' म्हणत नाई. तुह्या बापाले समजलं, त उद्यापासून मी त्या चार दिसायलेही खोलीत. तुले चालाले पाह्यजे, मले बसाले पाह्यजे. समजलं का?"

मला समजलं नव्हतं. तिच्या वयाची झाले तेव्हा समजलं, आणि तेव्हा सांगायला ती नव्हती. बाबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी लग्न होऊन अकोटला जाईपर्यंत तीन उन्हाळे डोंगराची फेरी केली, महिन्याच्या कोणत्याही दिवशी, आणि कोणाचं पान काळं पडलं नाही.

मडक्यांनंतरच्या पहिल्या फेरीला निघाले त्या सकाळी माय सपरीत होती, दुसरा दिवस तिचा. भिंतीला टेकलेली, पाय लांब केलेले, डोळे अर्धे मिटलेले. मी करंडी पाठीला बांधली, गाठ छातीवर घट्ट केली.

"मधात हात घालजो," ती डोळे न उघडता म्हणाली.

"हाव."

आतून बाबांनी पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं, जरा मोठ्याने. माय उठली नाही. मी फाटकातून बाहेर पडले.